तीन बाणांचा भाता

ऑनी पेल्टोलाचा बाण चौथ्या खेपेला लागतो, हे सरोवराकाठच्या टॅमरॅक बे गावच्या हरणांनाही ठाऊक होतं. पहिल्या तिनांना ती चरायचंसुद्धा थांबत नाहीत, असं त्याचा मेहुणा वेइको सांगे. आणि वेइको सांगे ते दुपारपर्यंत सरोवराच्या पलीकडच्या काठाला कळलेलं असे.

यंदा त्यात डाव्या खांद्याची भर पडली. सौनाच्या, म्हणजे परसातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावरचा बर्फ खरडताना ऑनी बर्फासकट खाली आला, आणि तेव्हापासून धनुष्य धरलं की हात लटपटायला लागला.

"आता माझ्यासारखं चापाचं धनुष्य घे, बंदुकीसारखं," वेइको म्हणाला. "बसायचं नि चाप ओढायचा. म्हाताऱ्यांची सोय केलीय सरकारने."

ऑनीने हातातला वेलदोड्याचा पाव खाली ठेवला. एक ऑक्टोबरला शिकारीचा हंगाम सुरू होणार. तोवर धनुष्य हलकं करायचं, नाहीतर मेहुण्याच्या पंगतीला जाऊन बसायचं.

धनुष्यावरून उतरवण्याजोगा एकच ऐवज होता, धनुष्याच्याच कुशीला अडकवलेला सहा बाणांचा जुना भाता. दुकानात नवे दोन होते. एक पाच बाणांचा. दुसरा तिनाचा, हातात घेतलाय की नाही ते बघून खात्री करावी इतका हलका. ऑनीचा हात तिनाच्याकडे गेला, तोच शेगडीपाशी शेकत बसलेला वेइको बोलला, "तीन? अरे, तुझे पहिले तीन तर नुसती ओळख करून द्यायला जातात."

दुकान हसलं. ऑनीने पाचाचा उचलला.

घरी बायकोने, हिल्याने, नवा भाता लावलेलं धनुष्य हातात देऊन त्याला स्वयंपाकघरात उभं केलं. "ताण. हळूच सोड मात्र, माझी भांडी आहेत." ती आकडे मोजू लागली. बाराला हात थरथरला.

"हरीण किती वेळ घेतं?"

"आडवं वळायला? मेलं पंचवीस मोजेपर्यंत उभं राहतं."

"मग हे दोन जास्तीचे बाण कुणासाठी वाहतोयस? हरणासाठी, का माझ्या भावासाठी?"

ऑनीने भाता उतरवून तिच्या हातात दिला. हिल्या तडक दुकानात गेली आणि भाता बदलून मागितला. वेइकोने तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "दादा, तुझं ते चापाचं यंत्र गेल्या वर्षी तुला ताणवेना, तेव्हा ताणायला कोण आलं होतं, सांगू का इथे?"

वेइकोला एकाएकी शेगडीत लाकूड घालायचं आठवलं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मचाणापुढे हरणाचा नर आला, चांगला आठ फाट्यांच्या शिंगांचा, आणि तोंड ऑनीकडे करून उभा राहिला. समोरून बाण मारत नाहीत, कूस वळायची वाट बघतात. ऑनीने ताणलं नि मनात मोजायला घेतलं. बारा. वीस. पंचवीस. तिसाला नर ढुंगण वळवून झाडीत चालता झाला. ऑनीने दोरी अलगद सैल केली आणि डाव्या हाताकडे बघितलं. हात जागचा हलला नव्हता.

दुपारी तो घरी आला तो छाती काढून. वेइको टेबलाशी टपूनच होता. "लागला?"

"सोडलाच नाही."

"मग एवढा फुगलायस कशाने?"

"तीस मोजेपर्यंत धरलं होतं." किटली जड होती, काठोकाठ भरलेली. ऑनीने ती डाव्या हाताने उचलली आणि आधी मेहुण्याच्या पेल्यात कॉफी ओतली, अगदी सावकाश.