कडेचे तुकडे

दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे इस्त्रीताई म्हणत. नवरा बस चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या रक्तातली साखर इतकी चढली की डेपोच्या डॉक्टरांनी बजावलं, सहा महिन्यांत खाली आली नाही तर स्टिअरिंग सोडा. नवऱ्याने ते ऐकून घेतलं, घरी आला आणि तोंडावर पांघरूण घेऊन झोपला. धावाधाव ताईंच्या वाट्याला आली. दुखणं नवऱ्याचं आणि पथ्य बायकोचं, ही वाटणी तशी जुनीच.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना जपानी पद्धतीचा चार खणांचा डबा दाखवला. दोन खण भाज्यांचे, एक माशाचा, अंड्याचा किंवा टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा, आणि सगळ्यात लहान खण भाताचा, तोही जव घालून शिजवलेला. भरायचा दाबून, म्हणजे बसच्या धक्क्यांनी आत काही हलत नाही. तेव्हापासून ताई पाचला उठत. पालक वाफवून पिळायचा आणि त्याला भाजलेले तीळ लावायचे, काकडी व्हिनेगरमध्ये घालायची. अंड्याचा पातळ थर तव्यावर पसरून गुंडाळायचा, त्यावर दुसरा थर, पुन्हा गुंडाळायचं. त्या गुंडाळीचे सहा तुकडे पडत. मधले चार गोल, देखणे. ते डब्यात जात. कडेचे दोन वेडेवाकडे, ते सुरी हातात असतानाच ताईंच्या तोंडात.

गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण भात पातेलंभर शिजे आणि नवऱ्याला लागे चमचाभर. उरलेला टाकवत नसे, म्हणून ताई खात. बिस्किटं, जॅम नवऱ्याच्या नजरेला पडायला नको म्हणून तेही त्याच संपवत. ओट्याशी उभं राहून खाल्लेलं जेवणात धरायचं नसतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. नवऱ्याची साखर उतरली, नोकरी टिकली. डेपोत कोणी कौतुक केलं की तो म्हणायचा, "मनाचा निग्रह लागतो."

मग एक दिवस ताईंच्या मनगटाला इस्त्रीचा चटका बसला. असल्या चटक्यांना त्या भीक घालत नसत. पण तीन आठवडे झाले तरी जखम ओलीच. मुकादम म्हणाला, "पट्टी आणि हातमोजा घालून महिनाभर चालवून घेतो ताई. तरी भरली नाही तर मला दुसरी बाई बघावी लागेल. चादरी पेशंटच्या आहेत." ताईंनी रक्त तपासून घेतलं. आकडा नवऱ्याच्या जुन्या आकड्याच्याही वर होता.

"दुपारी काय जेवता?" त्याच आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"उरलेलं."

"उरलेलं म्हणजे काय?"

ताईंना सांगता येईना. नवऱ्याच्या पोटात किती दाणे भात गेला हे त्यांना पाठ होतं, स्वतःचं काहीच आठवत नव्हतं. रडूसुद्धा आलं नाही. फक्त तिथेच, त्या खुर्चीवर, झोपून जावंसं वाटलं.

घरी येऊन त्या म्हणाल्या, "अहो, उद्यापासून दोन डबे भरणार आहे. मलाही साखर निघालीय."

नवरा हातातला टॉवेल तसाच धरून उभा राहिला. "अगं, पण तू तर काहीच खात नाहीस." मग टॉवेल दोरीवर टाकत म्हणाला, "भर की. माझी काही हरकत नाही."

त्याची हरकत नव्हती, हे उपकारच म्हणायचे. तरी त्याच संध्याकाळी तो जाऊन तसाच दुसरा डबा घेऊन आला, हेही सांगायला हवं. ताईंनी गजर साडेचारचा लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला, तेव्हा धुण्याच्या मशीनवरच्या मावशी डोकावल्या. "किती नीट भरलाय गं. कोणी दिला?"

"मीच," ताई म्हणाल्या आणि डब्याकडे बघतच राहिल्या. पालक, काकडी, भात, सगळं मापात होतं. तिसऱ्या खणात टोफूशेजारी अंड्याचे दोनच तुकडे होते, दोन्ही कडेचे. कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे पेंगुळलेल्या हातांनी आपलं आपणच वाटून टाकलं होतं. ताईंना नवऱ्याचा राग आला, मग ध्यानात आलं की तेव्हा तो घोरत होता. तो राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. त्यांनी दोन्ही तुकडे खाल्ले.

पुढच्या पहाटे सुरी धरून त्या ओट्याशी जरा थांबल्या. मग तीन तुकडे एका डब्यात ठेवले आणि तीन दुसऱ्यात. दोन्हीकडे दोन मधले, एक कडेचा.

नवऱ्याच्या हे लक्षात यायला तीन आठवडे गेले. त्या संध्याकाळी ताई पट्टी सोडून मनगट बघत होत्या. जखमेला खपली धरली होती. मुकादमाने दिलेला महिना भरायला अजून चार दिवस होते.

"हल्ली अंड्याचा एक तुकडा वेडावाकडा असतो गं," रिकामा डबा ओट्यावर ठेवत तो म्हणाला.

"कडेचा आहे तो," मान वर न करता ताई म्हणाल्या. "गुंडाळीला दोन कडा असतात. एक तुमची."