कपाळावरचा मेनू

बाळीवेशीतल्या भुवनेश्वरीअक्कांची कडक भाकरी मोडली की असा आवाज होतो, की शेजारी बसलेला माणूस आपोआप स्वतःच्या दाढा चाचपतो. भाकरी पापडासारखी पातळ आणि गोल. इतकी गोल, की तिच्यापुढं ताटाची कड वाकडी वाटावी. मंद्रूपहून लग्न होऊन अक्का आल्या, त्याच आठवड्यात सासूबाईंनी परात पुढं सरकवली आणि म्हणाल्या, "थाप." तेव्हापासून अक्का थापतायत. मालक कामाला होते ती गिरणी बंद पडली, तेव्हा ह्या भाकरीनंच घर उभं ठेवलं. पण अक्का ते कधी सांगत नाहीत. अक्का सांगतात त्या तक्रारी.

यंदाची तक्रार माझ्यावर होती. त्यांच्या घरापलीकडंच माझं पत्रिका आणि लेबलं छापायचं दुकान आहे. अक्कांच्या पाकिटासाठी मी नेटवरून एक छान बाई उतरवून घेतली होती. नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, हातात भाकरी. आता नेट काय माझ्या एकट्याचं आहे? तीच बाई दुसऱ्या एका भाकरीवाल्यांनीही उतरवली. मग व्हायचं ते झालं. एक गिऱ्हाईक दुसऱ्याचं पाकीट घेऊन अक्कांच्या दारात उभं राहिलं आणि म्हणालं, "मावशी, तुमची भाकरी वातड निघाली की."

वातड! अक्कांच्या भाकरीला! त्यापेक्षा त्यांना चोर म्हटलं असतं तर त्यांनी चहा पाजला असता.

तशाच पिठाच्या हातानं त्या दुकानात आल्या. "नंदू, मला माझं चित्र पायजे. आन् मीच काढनार. तुझा काय भरवसा? परत कुटली तरी नथवाली उचलून आनशील."

"काढू की, अक्का," मी म्हणालो. हे वाक्य परत घ्यायला मी आज काहीही देईन. "सोपं असतंय. सगळं जग गोल, चौकोन आणि त्रिकोणातूनच होतं."

"मग देवानं येवढा येळ का घालवला?"

खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. तिथं मेनूच्या तीन आडव्या रेघा असतात. अक्कांनी हात जोडले. "बघ, ह्यानं पन विभूती लावलीय."

"तो मेनू आहे, अक्का."

"मेनू हाटेलात असतोय." विषय संपला.

मग गोल काढायला घेतला. तो निघाला अंड्यासारखा. मी म्हणालो, "कंट्रोल दाबून धरा आणि मग ओढा." त्यांनी कंट्रोल दाबलं आणि माऊस तळहातानं थापायला सुरुवात केली. चांगला थाप थाप थाप. थोडा फिरवायचा, परत थाप.

"अक्का, ओढायचाय तो! थापू नका!"

"थापल्याबिगर गोल कसा येनार?"

दुसऱ्या दिवशी मी नवा माऊस आणला.

चेहऱ्याचा गोल जमला. केसांचा मोठा गोल त्यावर ठेवला, तर चेहराच गडप. "केस पाठीमागं पाठवा," म्हटलं, तर अक्कांनी आपल्या अंबाड्याला हात लावून बघितला. पदरासाठी एका गोलानं दुसरा गोल कापायचा होता. त्यांनी चुकीचा धरला आणि बाईचं डोकंच उडालं. सगळं पुन्हा जमवून चेहरा जरा उजवीकडं सरकवायला गेल्या, तर नुसता चेहरा गेला. डोळे, नाक, तोंड जागच्या जागी.

"अय्यय्यो! तोंड अक्कलकोटाला निगालं आन् डोळे हितंच!"

"सगळं निवडून आधी ग्रुप करायचा होता, अक्का. किती वेळा सांगितलं?"

"घरादाराला धरून ठेवता ठेवता जल्म गेला. आता नाकाडोळ्यालाबी मीच धरून ठेवू व्हय?"

मागं घ्यायचं बटण दाबून मी तोंड अक्कलकोटाहून परत आणलं.

पण अक्का हटल्या नाहीत. दुपारची परात आवरली की दुकानात हजर. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पळायचो, परत आलो की पडद्यावर नवा अपघात झालेला. होता होता एक दिवस चित्र उभं राहिलं. गोल तोंड, अर्ध्या गोलाचा पदर, त्रिकोणी नाक, हातात भाकरी. भाकरी एकदम झकास गोल.

अक्का सासूबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. सगळं घर त्यांना अव्वा म्हणतं. अव्वांनी डोळे बारीक करून पडद्याला नाक लावलं.

"ही कोन?"

"तुमीच की, अव्वा. तुमीच शिकवली न्हवं भाकरी?"

"मी न्हाय. माजं कपाळ कदी मोकळं असतंय व्हय?"

अक्कांनी अव्वांच्या कपाळावरची विभूती बघितली. मग खुर्चीत बसल्या. एक पांढरा चौकोन काढला, ओढून पट्टी केली. तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. सगळं निवडलं, ग्रुप केलं. मला विचारलंसुद्धा नाही.

"आता मी हाय," अव्वा म्हणाल्या. "पन नाक येवढं मोटं कशाला?"

नाकावरून सासूसुनेत कानडीत जे झालं, ते मला पुरतं कळलं नाही. नाक तेवढंच राहिलं.

लेबलं छापली, पाकिटं दुकानांत गेली. पंधरवड्यानं अक्का पुन्हा माझ्या दारात, रागानं लाल. मागोमाग अव्वा.

"ऐकलंस का? टिळक चौकातला दुकानदार म्हनतोय, कालेजची पोरं येत्यात आन् म्हनत्यात, ती कपाळावर मेनूवाली आजी द्या! विभूती हाय ती, मेल्यांनो!"

"आनि दुसऱ्याचं पाकीट?" अव्वांनी विचारलं. "कुनी चुकून नेलं?"

"ते न्हाय नेलं कुनी."

"वातड म्हनालं कुनी?"

"न्हाय."

अव्वा माझ्याकडं वळल्या. "नंदू, तो मेनू दाबला की काय हुतंय?"

"आत काय काय आहे ते दिसतं, अव्वा."

अव्वांनी पाकीट उचललं, स्वतःच्या कपाळावर बोट दाबलं आणि आतली भाकरी कडकन् मोडली. "मग चुकलं कुटं पोरांचं?"

अक्का अजून पुटपुटतायत. आता त्यांना नाक बारीक करायचंय. मी दुकानाला कुलूप लावून करमाळ्याला मेहुण्याकडं जायचा विचार करतोय.