पडदेकाकांची नवरी

पडदेकाका सिनेमाचा आवाज बंद करून सिनेमा दाखवायचे. मशीन घरघरू लागलं, पडद्यावर माणसं हलू लागली, की त्यांचा हात आधी जायचा आवाजाच्या बटणाकडे. "तो इंग्रजीत बडबडतो, त्याला काय ठाऊक समोर कोण बसलंय!" असं म्हणून ते घसा खाकरायचे आणि पुढची वीस मिनिटं स्वतःच बोलायचे. पडद्यावर जपान असो, इजिप्त असो, नाहीतर बर्फात राहणारी माणसं असोत, बोलणारा आवाज एकच, आणि तो ओझरचा.

नव्वद सालाच्या पुढेमागे मी नाशिकहून सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून गेले. पडदेकाका शाळाशाळांतून माहितीपट दाखवणाऱ्या सरकारी जीपवर ऑपरेटर होते. जगातले लोक कसे राहतात, जुन्या काळी काय घडलं, माणसानं माणसाशी कसं वागावं, अशा विषयांच्या छोट्या छोट्या फिल्मा. वर्षातून दोनदा ती जीप धुरळ्यानं लाल होऊन आमच्या आवारात शिरायची. उतरल्या उतरल्या ते पडदा टांगायला घेत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव पडदेकाका ठेवलं होतं. खरं नाव सरकारी कागदांबाहेर कुणी वापरत नसे.

सिनेमा दिवसाच असायचा, त्यामुळे वर्गात अंधार करावा लागे. मुलं वसतिगृहातली आपापली कांबळी आणून खिडक्यांना लावत. कुठल्या कांबळ्याला भोक आहे हे काकांना पाठ होतं. तरी एखादी तिरीप पडद्यावर पडायचीच. मग ते न अडखळता सांगत, "तो बघा, तिकडं सूर्य उगवला." मी नुकती बी.एड. होऊन आलेली, डोक्यात अध्यापनाच्या पद्धती ठासून भरलेल्या. मला या माणसाचा सुरुवातीला चांगलाच राग यायचा.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. मध्येच मशीन थांबवायचं आणि विचारायचं, "आपल्याकडं याला काय म्हणतात?" पूर्वेकडच्या कुठल्याशा देशात गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बायका दिसल्या की पोरं ओरडत, "आवणी!" लाकडी मुखवटे घालून नाचणारी माणसं दिसली की, "बोहाडा!" मुलांपेक्षा काकांनाच जास्त नवल वाटायचं. "म्हणजे त्यांनी तुमचं बघितलं का तुम्ही त्यांचं?" असं ते अगदी मनापासून विचारत आणि उत्तराची वाट बघत. उपदेशाच्या फिल्मा मात्र त्यांना आवडत नसत. सगळ्यांनी मिळून राहावं, भांडू नये, अशी फिल्म लागली की म्हणत, "हे यांना येतं. एका ताटात चौघं जेवतात. पुढचं बघू."

नाशिकजवळचं ओझर हे विमानांच्या कारखान्याचं गाव, पण तिथला हा माणूस विमानात कधी बसला नव्हता. जिल्ह्याबाहेर गेला तो एकदा मुंबईला, भाच्याच्या मुंजीला. पण पिशवीत पुठ्ठा नसलेला एक शाळकरी नकाशासंग्रह असे. जेवणाच्या सुट्टीत तो उघडून ते मुलांबरोबर देश शोधत बसत. हळूहळू मीही त्या घोळक्यात बसू लागले, हे कबूल करते.

त्यांची सगळ्यांत लाडकी फिल्म होती एका बेटावरच्या गावाची. पन्नासेक माणसं खांद्यावर भलंमोठं सजवलेलं मखर घेऊन धावतायत, वळणावर ते गरागरा फिरवतायत, वाद्यं वाजतायत, माणसं हसतायत. शेवटी थोडा धूर दिसे आणि तिथंच रीळ तुटलेलं होतं. काका रंगात येऊन सांगत, "ही त्यांची वरात! नवरी वर मखरात बसलीय, लाजते म्हणून दिसत नाही. आणि हा धूर कसला? होमाचा! लग्न म्हटलं की होम आलाच." पोरं टाळ्या पिटत.

एका खेपेला काका आले ते घसा बसूनच. आवाज फुटेना. मला खुणेनं जवळ बोलावून कसेबसे म्हणाले, "बाई, आज मशीनचा आवाज लावतो. तुम्हाला इंग्रजी येतं. तुम्ही ऐका आणि सांगा." मी मोठ्या तोऱ्यात पडद्याशेजारी उभी राहिले. दोन फिल्मा झकास झाल्या. तिसरी ती वरातीची. भोंग्यातून तो परका माणूस शांतपणे सांगत होता की गावातले सर्वांत वृद्ध आजोबा वारले आहेत, मखरात त्यांचा देह आहे, आणि गाव त्यांना आनंदानं निरोप देतं आहे. समोर शंभर पोरं, मागे मशीनजवळ काका. मी म्हणाले, "ही वरात आहे." पुढचंही सगळं काकांचंच सांगितलं, होमासकट.

चहाच्या वेळी मात्र राहवेना, मी त्यांना खरं सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे एका गेलेल्या म्हाताऱ्याचं मी आठ वर्षं लग्न लावतोय."

"जाऊ द्या हो काका," मी म्हटलं, "मुलांना काय कळतंय?"

बसलेल्या आवाजातच ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं चिडले. "कळत नाही म्हणून काहीही सांगायचं का? उद्या यांच्या आजोबाला नेताना कुणी वरात म्हणालं तर?" मग आवाज आणखी खाली गेला. "पण सांगितलं तर बाकीच्या फिल्मांवर तरी ती विश्वास ठेवतील का? सगळंच जग खोटं वाटेल त्यांना. माझ्या तोंडून ऐकलेलं जग."

त्यांच्या निवृत्तीला एकच फेरी उरली होती, आणि त्यांच्यामागे जीप बंद होणार हेही ठरलं होतं. त्या फेरीत प्रत्येक शाळेत तीच फिल्म लावायची आणि चूक कबूल करायची, असं त्यांनी ठरवलं. सुरुवात आमच्यापासून. त्या दिवशी त्यांनी पडदा दोनदा वाकडा टांगला. खोटं तर मीही बोलले होते.

कांबळी लागली, पोरं बसली. काका मशीन सुरू न करताच उभे राहिले. "पोरांनो, वरातीची फिल्म आठवते ना? ती वरात नाही. म्हातारा माणूस गेलाय, त्याला नेतायत. मी तुम्हाला इतकी वर्षं चुकीचं सांगितलं. मला इंग्रजी येत नाही. माझं चुकलं." मीही उठून सांगितलं की मला कळलं होतं आणि तरी मी लपवलं.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. एक मुलगी उठून म्हणाली, "काका, आमाला ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?" काकांनी विचारलं.

सगळी डोकी दाराकडे वळली. दारात आमच्या स्वयंपाकीण भागीमावशी उभ्या होत्या, हाताला नागलीचं पीठ. आठही वर्षं प्रत्येक सिनेमा त्यांनी त्याच उंबऱ्यावरून पाहिला होता.

"नवरी कुठंय त्यात?" मावशी म्हणाल्या. "लगीन हाय आन् नवरी नाय, नवरदेव नाय? आन् कडंला ती म्हातारी बसलीय, ती एकलीच हसत नाय. माझा सासरा गेला तवा आमी पन वाजवतच नेला त्याला. मला पयल्याच बारीला समजलं."

"मग बोलला का नाहीत, मावशी?" काका म्हणाले.

"तुमी लय खुशीत सांगत व्हता. पोरांनाबी मीच सांगितलं, गप ऱ्हावा म्हनून."

ती म्हातारी मी पाहिली नव्हती. काकांनी तर ती फिल्म शेकडो वेळा दाखवली होती, त्यांनीही नाही. ते डोळे पुसत हसू लागले. मग आवाज बंद करून त्यांनी मशीन सुरू केलं, मावशींना पडद्याजवळ उभं केलं आणि म्हणाले, "आता तुम्ही सांगा." मावशींनी पदराला हात पुसले आणि सांगितलं. काका आपणहून पहिल्यांदाच सबंध फिल्म गप्प बसून होते.

त्यानंतर जीप आली नाही. शाळेत पुढे टीव्ही आला, सीडी आल्या, माझी बदली नाशिकला झाली. दोन हजार सहा-सातच्या सुमारास कळलं की काकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मी ओझरला गेले. एवढा बोलणारा माणूस गप्प बसलेला पाहवेना. खुर्चीत बसून ते टीव्ही बघत होते, परदेशातला कसला तरी कार्यक्रम, आवाज बंद. मला ओळखलं. चांगल्या हातानं पडद्याकडे बोट केलं आणि मग माझ्याकडे. सांगा, म्हणत होते.

रडू आवरावं म्हणून मी घाईघाईनं सुरू केलं. पडद्यावर फुलांनी मढवलेली गाडी, मागे नाचणारी माणसं. "काका, हे बघा, लग्न दिसतंय कुणाचं तरी..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग तोच हात डोक्यावरून पुढे ओढला, नवरीनं पदर घ्यावा तसा, आणि 'कुठंय?' विचारावं तसा तळवा उलटा करून माझ्याकडे बघत राहिले. अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं.

मी खुर्ची टीव्हीजवळ ओढली आणि नीट बघू लागले.