बिनआवाजाचा फोन

उदारामला गावात कुणी बोलका माणूस म्हणणार नाही. सालेकसा तालुक्यातल्या त्याच्या गावात जंगल घरांच्या मागच्या भिंतीला येऊन टेकतं, आणि रेल्वे न थांबता निघून जाते. बांध घातलेल्या धानशेताच्या थोड्या बांध्या, बायको जमुनाबाई आणि एक मुलगा ओमेश, एवढाच त्याचा पसारा. पण धानाचे भारे बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, दोरी पिळायची, कापलेल्या धानाखाली सरकवायची, वरून गुडघा दाबायचा आणि दोन्ही मुठींनी एक पीळ द्यायचा. उदारामने बांधलेला भारा ट्रॉलीतून जावो की डोक्यावरून, खळ्यावर पोचेपर्यंत सुटत नसे.

हा पीळच त्याचं नाव झाला होता. फक्त एका माणसासाठी.

ओमेश लहानपणी तापातून उठला तो कान घालवून उठला. मग बोलणंही आलं नाही. शाळेत मागे बसून तो स्वतःचं नाव लिहायला शिकला, त्यापुढे काही नाही. घरात मात्र तिघांनी मिळून एक भाषा केली. ठरवून नव्हे. चुलीपाशी, बांधीत, मोहाच्या झाडाखाली ती आपोआप उगवत गेली. एका हाताने दुसऱ्या मनगटावरच्या बांगड्या फिरवल्या की आई. दोन मुठी एकमेकींविरुद्ध पिळल्या की बाप. दोन तळवे वर टेकवले की घर. मुठीवर मूठ आपटली की काम. पोटासमोर दोन्ही हातांनी ढोल बडवला की मंडई, म्हणजे दिवाळीनंतर गावात भरणारी जत्रा. ही भाषा साऱ्या जगात तिघांनाच येत होती, आणि तिघांना ती पुरत होती.

यंदा धानाची रोवणी आटोपली आणि ओमेश गेला. दुधराम नावाचा गावचाच माणूस दरवर्षी पोरांना हैदराबादकडे एका कारखान्यात घेऊन जातो. तो म्हणाला, "मुक्याले तं चांगलं काम भेटते. कायी बोलत नाई, कायी मागत नाई." हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं.

घरात बटणांचा फोन होता. तो कधीमधी वाजे आणि पलीकडून दुधराम बोले.

"पोरगा मजेत आहे, वयनी. खाते, पिते, झोपते."

"त्याले विचारा ना भाऊ, मायची याद येते का?"

 दुधराम लगेच म्हणे, "येते म्हणते."

दुधरामला ओमेशची भाषा येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी जमुनाबाई फोन ठेवल्यावर उदारामकडे पाहून म्हणे, "येते म्हणते." तो मान हलवी.

मग कळलं की ओमेशने पहिल्या पगारात मोठा फोन घेतलाय. शेजारची दामिनी कॉलेजात जाते. तिने दुधरामकडून नंबर घेतला आणि आपल्या फोनवर ओमेशला लावला. तिच्या अंगणात दहा माणसं जमली. दामिनीने फोन उदारामच्या तोंडापुढे धरला, जसा साऱ्यांच्याच तोंडापुढे धरतात तसा. काचेत ओमेशचा चेहरा आला. तो हसत होता. उदारामने हात उचलले, पण ते काचेत मावत नव्हते, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "चालू द्या उदारामभाऊ, दंडार चालू द्या!" दंडारीच्या नाचातल्या सोंगाड्याला हसावं तसे लोक हसले. उदारामने हात खाली घेतले. चेहरा काही वेळ हसत राहिला आणि विझला.

त्या दिवशी तो जेवला नाही. झोपायच्या आधी जमुनाबाईला म्हणाला, "फोन आपलाच पायजे."

"काऊन? दामिनी नाई म्हणते का?"

"लोकायसमोर मले बोलता येत नाई."

बकरी विकली. दोघं सालेकसा स्टेशनवरून पॅसेंजरने गोंदियाला गेली. बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात इतका उजेड होता की जमुनाबाईने दारातच चपला काढल्या. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "अरे काकी, पहनकर आओ, मंदिर नहीं है. बोलो काकाजी, बजेट कितना है?"

"बकरी विकली," उदाराम म्हणाला.

"मोटी बकरी थी या दुबली?"

उदारामने पैसे दाखवले. त्या माणसाने काचेखालून तीन फोन काढून ओळीने मांडले आणि एकावर गाणं लावलं. "आवाज सुनो काकाजी. पूरा मोहल्ला नाचेगा."

"आवाज नाई पायजे."

"मतलब?"

"पोराले आयकू येत नाई."  पुढचं वाक्य वाटेत गाडीत बसून उदारामने मनाशी जुळवून ठेवलं होतं. "बिनआवाजाचा भेटते का? थोडा सस्ता?"

पलीकडचं गिऱ्हाईक खदखदून हसलं. काउंटरवरचा माणूसही हसणार होता, पण त्याची नजर जमुनाबाईवर गेली आणि त्याने गाणं बंद केलं.

"वैसा नहीं आता, काकाजी. आवाज सबमें रहताच है."

"मंग तेवढे पैसे फुकट गेले," जमुनाबाई म्हणाली.

"और क्या देखना है? पीछे का कॅमेरा पचास मेगापिक्सल है."

"यात हात दिसतेत का?"

"हात?"

उदारामने सांगितलं. त्याला नीट सांगता येत नव्हतं. बाप कसा म्हणायचा हे दाखवताना त्याने काउंटरवर हात उचलले आणि परत खिशात घातले. पण त्या माणसाला समजलं असावं. त्याने दोन फोन एकमेकांना जोडून दिले. जमुनाबाई एक घेऊन दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, कव्हरं टांगलेल्या भिंतीपाशी गेली. काउंटरवर उभ्या केलेल्या फोनसमोर उदाराम चार पावलं मागे सरकला आणि त्याने मुठी पिळल्या.

"तुमचे हात धुक्क्यावानी होऊन राहिले," ती तिकडून म्हणाली. "काय म्हणता ते समजत नाई."

"सामने का कॅमेरा हलका है," तो माणूस म्हणाला. "हाथ हिला तो फैल जाता है. पीछे का अच्छा है, पर बात तो सामनेवाले से होती है ना."

दुसऱ्यातही धुकंच. तिसरा फोन जुन्या धाटणीचा होता, पाठ साधी, काच मोठी. त्या माणसानेच तो पुढे केला. "इसमें गेम अटकेगा, गाने कम बैठेंगे. पर सामने का कॅमेरा साफ है." उदारामने ढोल बडवला. जमुनाबाई त्या टोकाला हसली. गाडीत बसल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. "मंडई," ती मोठ्याने म्हणाली.

तो बकरीच्या पैशांत बसत नव्हता. तिने पदराची गाठ सोडली. उन्हाळ्यात वेचलेल्या मोहफुलांचे पैसे त्यात होते. ते तिने काउंटरवर मोजून ठेवले. त्या माणसाने फोन उभा करायचा स्टँड दाखवला.

"नाई पायजे," उदाराम म्हणाला. "घरी पायली आहे."

गावात नेट फक्त दामिनीच्या अंगणात येतं, नाहीतर खळ्यावर. कापणी झालेली होती, खळ्याच्या कडेला भाऱ्यांवर भारे चढवून धानाचं पुंजणं रचलेलं होतं. रविवारी दुपारी दामिनीने येऊन फोन लावायला शिकवला: हिरव्या चौकटीवर बोट ठेवायचं, मग ओमेशच्या तोंडावर, मग कॅमेऱ्यावर. उदारामचं बोट तीनदा लागलंच नाही. भाऱ्यांनी बोटांची टोकं इतकी घट्ट झाली होती की काचेला ती माणसाची वाटत नसावीत. जमुनाबाईचं लागलं. मग तो म्हणाला, "जाय बेटा आता," आणि दामिनी गेली.

धान मोजायची पायली उलटी ठेवून त्याने फोन तिला टेकवला. मागे सरकला. बायकोला शेजारी उभं केलं. ओमेश आला.

चेहरा, एक खांदा, मागे पत्र्याची भिंत, दोरीवर टांगलेले कुणाकुणाचे शर्ट. डावीकडे खाली कुठेतरी त्याने फोन धरला असावा. उजवा हात वर आला आणि त्याचं मनगट हवेत एकटंच फिरलं. आई. मग एकच मूठ वळली. बाप.

उदारामने दोन्ही हातांनी उत्तर दिलं. मग फोन ठेवून दे, दोन हातांनी बोल, असं खुणावलं. ओमेशने मान हलवली. जागा नाही.

"ठेवाले कायी नसन तेथे," जमुनाबाई म्हणाली.

"पायली नसन," उदाराम म्हणाला.

मग ती तिघं अर्धं अर्धं बोलत राहिली. जेवलास? जेवलो. ते एका हाताचंच होतं, पूर्ण कळलं. काम? एक मूठ हवेत आपटली, तिच्याखाली दुसरी नव्हती. घर म्हणताना एकच तळवा तिरका उभा राहिला, पडलेल्या छपराच्या भिंतीसारखा. उरलेलं उदाराम आपल्या मनाने भरत होता. एवढा चांगला कॅमेरा शोधला, पण पलीकडच्या माणसालाही फोन धरायला एक हात लागतो हे दुकानात त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. याचा त्याला राग येत होता.

बोलणं संपत आलं तसा त्याने मुद्दाम, पोट पुढे काढून, म्हाताऱ्या ढोलवाल्यासारखी मान डोलवत ढोल बडवला. मंडईला ये. ओमेशला हा ढोलवाला लहानपणापासून आवडायचा. तो हसला, तोंडभर हसला, आणि जुन्या सवयीने त्याचे दोन्ही हात पोटासमोर आले.

फोन पडला. काचेत पत्र्याचं छत आलं, आणि त्याखाली, वरून वाकलेला ओमेश. हात अजून ढोलावरच होते. उजवा पूर्ण होता. डाव्याचा अंगठा होता, करंगळी होती. मधे काही नव्हतं. कातडी गुलाबी, ओढून बसवल्यासारखी.

मोठ्या काचेत सगळं स्वच्छ दिसलं. हात दिसावेत म्हणूनच हा फोन घेतला होता.

ओमेशने हात मागे घेतला, पण उशिरा. जमुनाबाई तणसावर खाली बसली. उदारामने विचारलं, कधी? उजव्या हाताने ओमेशने कपाळापाशी बैलाची शिंगं दाखवली. पोळा. म्हणजे जाऊन थोडेच दिवस झाले असतील. अंगणातल्या त्या फोनवर चेहरा हसत होता तेव्हाही हे झालेलंच होतं. पोरगा मजेत आहे, असं दुधराम म्हणत होता तेव्हाही. कसं? ओमेशने तळवा वरून खाली मांडीवर दाबला. यंत्र. मग बोट कानाला लावलं आणि हलवलं. ऐकू आलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं असेल. ओरडलंच असेल.

आता दुखत नाही, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. आईला सांग, रडू नको. आई समोरच होती. तरी त्याने ते बापाला सांगितलं. मग नेट गेलं.

दोन दिवसांनी बटणांचा फोन वाजला.

"पोरगा मजेत आहे, वयनी."

"हात कसा आहे त्याचा?" जमुनाबाईने विचारलं.

 पलीकडून फोन बंद झाला, आणि दुधरामचा फोन पुन्हा आला नाही.

आठवडाभर उदाराम खळ्यावर जाई. जमुनाबाईला वाटलं पुंजण्याची राखण करतोय. एकदा भाकर घेऊन गेली तेव्हा तिला दिसलं, त्याने डावा हात कमरेच्या पंच्यात खोचला होता आणि उजव्या हाताने भारा बांधायची खटपट चालवली होती. दोरी सरकत होती, धान पसरत होतं. गुडघा दाबला की टोक सुटायचं, टोक धरलं की गुडघा कमी पडायचा.

"अजी, कायले करून राहिले हे?"

"तो घरी आल्यावर इचारन मले," उदाराम म्हणाला. "कसा बांधू म्हणून."

तिने भाकर ठेवली आणि पसरलेलं धान गोळा करून परत त्याच्यापुढे सरकवलं.

दोरीचं एक टोक दातांत धरायचं हे त्याला शेवटी सुचलं. दातांत टोक, गुडघा वर, एका मुठीने पीळ. ओठ फाटले. भारा उभा राहिला, पण उचलला की ढिला पडायचा. त्याच्या हातचा भारा असा कधी कुणी पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी पायली तीच, जागा तीच. ओमेश काचेत आला तेव्हा त्याने हात लपवला नव्हता. फोन कशाला तरी टेकवला होता आणि दोन्ही हात मांडीवर, उघडे. काही बोलायच्या आधी उदारामने डावा हात पंच्यात खोचला, दोरी दातांत धरली आणि भारा बांधून दाखवला. बराच वेळ लागला. ओमेश पाहत राहिला. भारा उचलल्यावर चारदोन काड्या गळाल्या, तेही त्याने पाहिलं.

मग त्याने उजवी मूठ उचलून वळवली आणि दात उघडून हवेतल्या दोरीचं एक टोक त्यांत घट्ट धरलं. बाप म्हणायची ही नवी खूण होती. त्याने ती पुन्हा केली, पुन्हा केली, नीट बसेपर्यंत. खळ्यावरून एखादा जाणारा काचेत डोकावला असता तर त्याला वाटलं असतं, पोरगा हसतोय.