तरणी पोर

बामाचा वास आला की मला बहिणीचं डोहाळजेवण आठवतं आणि डोकं फिरतं. पिंपळगाव राजातलं आमचं अंगण, गरम पुरणपोळीवरच्या तुपाचा दरवळ, हिरव्या साडीत अवघडून बसलेली बहीण, आणि कपाळाला बाम थापून आलेली आत्या खोकत खोकत तिला घास भरवतेय. अंग तापलेलं होतं आत्याचं. मी तिचा हात धरला, "आत्या, फ्लू असेल तुला, लांब हो." तर म्हणते, "दादाले, तुह्या बाबाले, दमा हाये म्हून त्याच्या खोलीत गेली नाही मी. हे तर तरणी पोर हाये, हिले काय होते?" गर्भारपणात फ्लू जिवावर बेततो, हे मी ओरडून सांगितलं. आईनं मलाच गप्प केलं. ओटी भरायला आलेल्या सवाशिणीला कुणी अडवतं का? त्याच आठवड्यात बहीण खामगावच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. पुढे सुखरूप सुटली, एवढंच नशीब. काल वहिनीचं डोहाळजेवण होतं. दारात तोच बामाचा वास, तोच खोकला. मी दार अडवून उभी राहिले, बहिणीची आठवण करून दिली. "काऊन चिडून राह्यली वं?" आत्या म्हणाली, "वाचली ना ते!" आणि मला बाजूला सारून, नारळ घेऊन आत गेली.