शिडीकाकांचा कागद

वाचनालयात बाईंना सगळे शिक्केबाई म्हणत. बावीस वर्षं एकाच टेबलामागे बसून त्यांनी पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारले, त्यामुळे नाव पडलं ते पडलंच. बसायला लाकडी खुर्ची, तिचा एक पाय आखूड. घरी पोचल्या की सासूबाई तेलाची वाटी घेऊन तयार. "पड पालथी," म्हणत त्या सुनेची कंबर चोळून देत आणि वर ऐकवत, "वाचणारे ऐटीत फिरतात नि शिक्का मारणारी आडवी!"

शिडीकाकांचं नावही असंच कामावरून पडलेलं. परत आलेली पुस्तकं ते जागेवर लावत. पोटाशी वीस पुस्तकांची चळत, तिच्यावर हनुवटी टेकवलेली, नि दिवसभर सहा पायऱ्यांच्या शिडीवर चढ-उतार. "काय काका, बरं आहे ना?" असं कुणी विचारलं की वरून उत्तर यायचं, "अजून वरच आहे. खाली आलो की सांगतो." लोक हसायचे. खाली आल्यावर मात्र पुन्हा कुणी विचारत नसे.

एकदा मुख्य कार्यालयाने प्रत्येकासाठी एक कागद धाडला. काम करताना कुठे दुखतं, कशाने गैरसोय होते ते कळवा, त्याप्रमाणे सामान पाठवू. कागदावर माणसाचं चित्र होतं, पुढून आणि मागून. दुखेल तिथे फुली मारायची. चित्रातल्या माणसाच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

"हे आपल्या साहेबांना समोर उभं करून काढलंय का हो?" काकांनी विचारलं, आणि बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग काकांनी आवाज उतरवला. "बाई, माझा तुम्हीच भरा. लिहायला बसलो की हात थरथरतो. उजवा खांदा लिहा, वर हात नेला की आत काहीतरी करकचतं. आणि दोन्ही गुडघे. तुमचं अक्षर मोत्यासारखं, वरचे वाचतील तरी."

"भरते हो काका. काळजी नको."

त्यांनी खाली वेडीवाकडी सही करून कोरा कागद बाईंच्या हाती दिला. विश्वास म्हणजे दुसरं काय असतं?

बाईंनी स्वतःचा कागद त्याच दिवशी भरला, कंबरेवर ठसठशीत फुली मारून. बाकीच्यांचे गोळा केले. काकांचा राहिला. आज भरू, उद्या भरू करता करता शेवटचा दिवस उजाडला. तेव्हा कुठे त्यांनी बारीक अक्षरं वाचली. एकाहून जास्त फुल्या असतील तर दोन पानांची पुरवणी जोडायची. रॅकची उंची किती, रोज पुस्तकं किती, शिडीच्या खेपा किती. घड्याळात पावणेपाच झाले होते. टपाल पाचला जाणार होतं. साडेपाचला बाईंच्या मंडळाची प्रार्थना होती, आणि पहिलं पद नेहमी त्याच म्हणत. बाकी बायका वाट बघत बसतील, बरं दिसेल का ते?

बाईंनी काकांच्या कागदावर 'काही त्रास नाही' या ओळीपुढे खूण केली आणि पाकीट चिकटवलं. त्या संध्याकाळी पद चांगलं रंगलं. सगळ्या म्हणाल्या, आज आवाज काय लागलाय!

अडीच महिन्यांनी सामान आलं. बाईंना पाठीला टेका देणारी खुर्ची नि पायाखाली घ्यायचा पाट. आणखी कुणाला दिवा, कुणाला उंच टेबल. खुर्ची सुट्या भागांत आली होती, ती काकांनीच जोडली. डाव्या हाताने स्क्रू पिळताना त्यांच्या कपाळावर घाम आला. "बसा बाई. राणीसारख्या बसा." मग हळूच, "माझं काही?"

"यादीत नाही दिसत," बाई म्हणाल्या. शब्द खरा होता. खऱ्या शब्दाने इतकं खोटं बोलता येतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पंधरा दिवसांत बाईंची कंबर दुखायची थांबली. सासूबाई म्हणाल्या, "खुर्चीला माझा नमस्कार सांग गं, तेल वाचलं!" बाईंना हसू आलं नाही. देवापुढे हात जोडले, की ओठांवर शब्द येण्याआधी डोळ्यांपुढे तो बिनकेसांचा माणूस यायचा, अंगावर एकही फुली नसलेला. त्यांनी रोज क्षमा मागितली. माणूस देवाकडे क्षमा मागायला लगेच जातो, कारण देव उलट प्रश्न करत नाही. ज्याचा अपराध केला तो मात्र दहा पावलांवर शिडीवर उभा असतो.

इकडे काकांची चळत वीसवरून दहावर आली, दहावरून पाचावर. एकदा वरून जाडजूड कोश निसटला आणि एका वाचकाच्या पायाशी आपटला. वाचक केवढा ओरडला! काका नुसते "चुकलं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाईंच्या टेबलापाशी आले, हातात कोरा कागद. "एक अर्ज लिहून द्या. काम सोडतोय."

"अहो काका, अजून तीन वर्षं आहेत तुमची!"

"आहेत ना. पण मी खांदा कळवला, गुडघे कळवले. सगळं वाचून त्यांनी काही धाडलं नाही. म्हातारा जाईल तर बरं, असाच त्याचा अर्थ. कुणी उठवण्याआधी आपण उठावं."

बाईंनी पेन घेतलं. 'माननीय' एवढं लिहिलं आणि हात थांबला. पहिला कागद लिहिला नाही, आणि दुसरा याच हाताने लिहायचा? पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "काका, त्यांनी काही वाचलेलंच नाही. मी लिहिलंच नव्हतं."

"खांदा नाही लिहिला?"

"नाही."

"गुडघे तरी?"

"काही त्रास नाही असं लिहिलं. उशीर झाला होता. प्रार्थनेला जायचं होतं."

काकांनी विचारलं, "तिथे माझ्यासाठीही मागितलं असेल ना काहीतरी?" टोमणा होता की साधा प्रश्न, बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. काकांनी 'माननीय' लिहिलेला कागद उचलला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

बाई तशाच साहेबांकडे गेल्या. "जाऊ द्या हो, होते चूक," साहेब म्हणाले.

"चूक नाही साहेब, आळस. तसंच लिहा, माझ्या नावाने."

साहेबांनी नवा कागद नि पुरवणी काढून दिली, काकांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी खांद्याच्या वर हात न्यायला बंदी केली. बाईंनी अदलाबदल मागून घेतली. काका खुर्चीवर, बाई शिडीवर.

पदर खोचून त्या चढल्या, तेव्हा चौथ्या पायरीला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळलेली दिसली, जिथे गुडघा टेकतो नेमकी तिथे. चिंधी झिजून काळी पडली होती. इतकी वर्षं ती दहा पावलांवर होती.

कंबर पुन्हा धरली. सासूबाईंनी वाटी काढली, "खुर्ची रुसली वाटतं?" बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. सासूबाई वाटीत आणखी तेल ओतून चोळत राहिल्या.

चार दिवस काका कामापुरतंच बोलले. नवा कागद टेबलावर कोराच पडून होता. पाचव्या दिवशी बाईंनी शिडीवरूनच विचारलं, "काका, खांदा कसा आहे?"

काकांनी शिक्का बाजूला ठेवला. या वेळी त्यांना गंमत सुचली नाही.

"दुखतो. त्या कुशीवर निजता येत नाही. या खाली, लिहून घ्या."

बाई खाली उतरल्या. काका सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. खांदा, डावा गुडघा, उजवा गुडघा, रॅकची उंची, खेपा. काकांची नजर पेनाच्या टोकावरून हलली नाही.

"वाचून दाखवा," ते म्हणाले.

बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

"परत एकदा."