पेपरात आलं का?

आमच्या भाऊजींएवढा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराएवढा, भित्रा माणूस अख्ख्या भिलाईत सापडायचा नाही; आणि हे मी उभा जन्म कारखान्याच्या भट्टीपुढे काढलेल्या माणसाबद्दल सांगते आहे. वितळलेल्या लोखंडाला ते भ्यायले नाहीत, भ्यायले ते मोबाइलला. मुलाने घेऊन दिलेला फोन ते पितळी डब्याखाली झाकून ठेवतात. मेसेजात वांगी विषारी निघाली की यांची वांगी बंद. आकाशातून किरणं पडणार म्हटलं की हे दिवसभर पलंगाखाली. मग सकाळी पेपर यायचा, पहिल्या पानापासून श्रद्धांजलीपर्यंत बोट फिरायचं आणि "नाही छापलं, म्हणजे नाही झालं," असं म्हणून भाऊजी वांग्याची भाजी मागायचे.

पेपरचा दिमाख मीही केला आहे. मॅट्रिक झालेली नवी सून म्हणून मी अग्रलेख तोंडासमोर धरून बसायची, आणि वाचायची त्यामागच्या लग्नाच्या जाहिराती. आपल्या हातून कोण कोण सुटलं ते पाहायला. तेव्हा सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत दारोदार पेपर पडायचा. पुढे दारोदार फोन आले आणि पेपर उरला एकट्या भाऊजींचा. एका सकाळी पेपरवाला सायकलवरूनच म्हणाला, "काका, पूरी लाइन में अब आप अकेले हो. दो-चार घर और नहीं जुड़े, तो पहली तारीख से इधर नहीं आऊँगा." भाऊजी तसेच माझ्याकडे आले. "वहिनी, मग खरं-खोटं मले कोण सांगन?"

त्याच आठवड्यात मेसेज आला: कारखान्यातून गॅस सुटला, घरं सोडा. अर्ध्या तासात लाइन रिकामी. मी एका पायात माझी, एका पायात नातवाची चप्पल घालून फाटकाशी उभी, आणि भाऊजी नाकाला ओला गमछा लावून व्हरांड्यात बसलेले.

"चला ना भाऊजी, कावून बसून राहिले?"

"पेपरात येऊ द्या. मी गेलो, अन् सकाळी पेपरवाला दार बंद पाहून परतला तं?"

दुसऱ्या दिवशी छापून आलं, अफवा होती. भाऊजी तो पेपर छातीशी धरून घरोघर हिंडले. सगळ्यांनी वाचला, "काका, मान गए" म्हटलं, त्या बातमीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. पेपर मात्र एकानेही लावला नाही.

एक तारखेला उजाडताच भाऊजी माझ्या दारात. हात रिकामे, कुठे ठेवावे ते त्यांना कळेना.

"वहिनी, आज काय झालं हो जगात?"

माझ्या फोनवर तोवर चार भयंकर गोष्टी येऊन पडल्या होत्या. त्यातली खरी कोणती, मला तरी काय ठाऊक. मी फोन पालथा घातला.

"काही नाही झालं. चहा घ्या."

"खरं ना?"

"खरं."

छापल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा तो माणूस निवांत चहा प्यायला. आता रोज येतो, रोज विचारतो. आणि दार वाजण्याआधीपासून भीती मला वाटत असते.